टोकियोहून रात्रीच्या बसने क्योटो: तिकिटापासून परत येईपर्यंत काय, कधी आणि कुठे चुकतं

शुक्रवारी रात्री साडेअकराला आमच्या बिल्डिंगमधलं एक जोडपं टोकियोतल्या शिंजुकूच्या बस टर्मिनलवर बॅगा घेऊन उभं होतं, तिकीट मोबाईलमध्ये, पैसे भरलेले, सगळं व्यवस्थित. तिकिटावर लिहिलं होतं १४ तारीख, शुक्रवार, ०:१०. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन बघितली, वाकून माफी मागितली आणि सांगितलं की ही बस काल रात्रीच गेली. शुक्रवारचे ०:१० म्हणजे गुरुवारी रात्री बारा वाजून दहा मिनिटं! दोघांचे मिळून जवळजवळ १६,००० येन गेले, आणि तो वीकेंड घरात बसून गेला.

टोकियोच्या निशी-कसाई भागात आणि आसपास राहणारी आपली बरीच मंडळी दर वर्षी हा प्रवास करतात आणि मला दर वेळी त्याच पाच-सहा चुका ऐकू येतात, म्हणून एकदाच नीट क्रमाने लिहून काढतेय. क्योटोत काय बघायचं ते सगळ्यांना माहीत असतं, घोळ होतो तो तिकिटात, बसस्टॉप शोधण्यात आणि पहाटे साडेपाच ते नऊ या वेळेत.

१. आधी ठरवा: रात्रीची बस तुमच्यासाठी आहे का

टोकियो ते क्योटो शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) सव्वादोन तास आणि एका बाजूचे साधारण १४,००० येन. बसने सात ते आठ तास, आणि सीट व वार बघून ४,००० पासून १२,००० पर्यंत काहीही. म्हणजे पैसे वाचतात, शिवाय एक रात्रीचं हॉटेल वाचतं आणि शनिवारी सकाळी सहाला तुम्ही क्योटोत असता. गर्दी यायच्या आधीची ही सकाळ मिळते म्हणून मी बसने जाते, नुसते पैसे वाचतात म्हणून नाही.

पण भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले असतील तर त्यांना या बसमध्ये घालू नका, कळकळीने सांगतेय. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आठ तास पाय दुमडून बसवायचं आणि मग सकाळी सहाला फुशिमी इनारी देवळाच्या पायऱ्या चढायला लावायच्या हे बरोबर नाही. त्यांना शिंकानसेनच. लहान बाळ असेल तरी तेच, सगळी बस झोपलेली असते आणि बाळ रडलं की आईच जास्त घाबरीघुबरी होते.

गोल्डन वीक (एप्रिल अखेर ते मे सुरुवात), ऑगस्टच्या मध्यातला ओबोन (पितरांचा सण), न्यू इयर, साकुराचे (चेरीच्या फुलांचे) दिवस आणि नोव्हेंबर अखेरचे लाल पानांचे दिवस, या काळात भाडं खूप वाढतं आणि हायवे जाम असतो. पहिल्यांदा जाणार असाल तर साधा वीकेंड धरा. जून, सप्टेंबर, फेब्रुवारी वगैरे.

२. तिकीट काढताना

बऱ्याच कंपन्यांची बुकिंग साधारण महिनाभर आधी उघडते. शुक्रवारच्या रात्रीच्या चांगल्या सीट आधी संपतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे आधी काढून टाका.

सीटचे दोन मुख्य प्रकार. चार रांगांची म्हणजे आपल्या एसटीसारखी दोन-दोन सीट, स्वस्त. तीन रांगांची म्हणजे प्रत्येक सीट सुटी, मधे दोन्ही बाजूंनी जायला जागा, बऱ्याचदा पडदा असतो, पाठ बऱ्यापैकी मागे जाते. फरक दोन-तीन हजार येनचा असतो आणि इथे कंजूषी केली की शनिवारची दुपार वाया गेलीच म्हणून समजा. नवरा-बायको किंवा मैत्रिणी शेजारीशेजारी बसणार असाल तर चार रांगांची एक वेळ चालते, एकटे असाल तर तीन रांगांचीच घ्या. मी पहिल्यांदा चार रांगांच्या बसमध्ये खिडकीची सीट घेतली होती, शेजारी एक अनोळखी बाई गाढ झोपलेली, आणि टॉयलेटला जायचं म्हणून तिला उठवायचं की नाही या विचारात मी पुढच्या स्टॉपपर्यंत तशीच अंग चोरून बसले होते. तेव्हापासून एकटीने जाताना सुटी सीटच.

बुकिंग करताना स्त्री की पुरुष हे विचारतात, ते नीट भरा, कारण त्यावरून एकट्या बाईशेजारी बाईलाच बसवतात. एकाने दोघांचं बुकिंग करताना घाईत दोन्हीकडे 'पुरुष' टाकलं आणि बायकोची सीट भलतीकडे असं झालेलं आहे. फक्त बायकांसाठीच्या सीट किंवा गाड्याही मिळतात, एकट्या मुलींनी तो फिल्टर लावून बघावा.

बसमध्ये टॉयलेट आहे का तेही इथेच बघून घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये नसतं.

पैसे कार्डाने भरलेत तर प्रश्न नाही. कोंबिनीत (चोवीस तास उघड्या दुकानात) भरायचा पर्याय घेतला असेल तर त्याला मुदत असते, ती चुकली की बुकिंग आपोआप रद्द होतं आणि तुम्ही मात्र सीट आहे या भरवशावर राहता.

आता तारखेचं. जपानमध्ये मध्यरात्रीनंतरची वेळ दोन पद्धतींनी लिहितात. काही ठिकाणी १४ तारखेच्या रात्री साडेबाराला '१४ तारीख, २४:३०' म्हणतात, काही ठिकाणी '१५ तारीख, ०:३०'. दोन्ही एकच बस. एक वाजता असेल तर २५:०० सुद्धा दिसेल, ती छपाईची चूक नाही. मी सोपा नियम केलाय: पहिल्यांदा जाताना रात्री बाराच्या आत सुटणारीच बस घ्यायची, २२:३० किंवा २३:१५, म्हणजे हा घोळच नको.

✔ तपासा: तिकीट आल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, 'आपण ऑफिसमधून शुक्रवारी घरी येणार, जेवणार आणि त्याच रात्री निघणार'. तिकिटावरचा वार आणि वेळ याच्याशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर लगेच बदला, रद्द करायचा आकार निघायची वेळ जवळ येईल तसा वाढत जातो.

३. बस नक्की कुठून सुटते

'टोकियो स्टेशन' एवढंच बघून निघाल तर फसाल. स्टेशनच्या याएसु बाजूला, म्हणजे पूर्वेला, किमान तीन वेगळ्या जागा आहेत. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) बस याएसु साऊथ एक्झिटला स्टेशनला लागूनच सुटतात. दुसरं म्हणजे 'बस टर्मिनल टोकियो याएसु', ते २०२२ साली सुरू झालेलं, उंच बिल्डिंगच्या पोटात जमिनीखाली आहे. आणि तिसरी जागा काजीबाशी पार्किंग, तिथे स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत जावं लागतं. एकीकडून दुसरीकडे धावत जाणारी माणसं मी शुक्रवारी रात्री नेहमी बघते.

शिंजुकूचं सोपं आहे, २०१६ पासून बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बस 'बास्ता शिंजुकू'मधून सुटतात, साऊथ एक्झिटच्या समोर, चौथा मजला. पण 'शिंजुकू निशीगुची' म्हणजे वेस्ट एक्झिट लिहिलं असेल तर बास्तात जाऊ नका, ती वेगळी बाजू.

निशी-कसाईहून मेट्रोच्या तोझाई लाईनने याएसुला जायचं असेल तर लोक सवयीने ओतेमाचीला उतरतात. नका उतरू. ओतेमाची स्टेशनच्या पलीकडच्या, मारुनोउचीच्या अंगाला पडतं आणि बॅग ओढत भुयारातून चालत बसावं लागतं. एक स्टेशन आधी, निहोम्बाशीला उतरा, तिथून याएसु जवळ.

✔ तपासा: तिकिटावरच्या स्टॉपचं पूर्ण नाव, मजला, प्लॅटफॉर्मचा नंबर असेल तर तो, आणि बुकिंगच्या मेलमधला नकाशा, हे सगळं स्क्रीनशॉट काढून ठेवा.

४. दोन बॅगा भरा, एक नाही

एक मोठी बॅग डिकीत जाते. ती पोचेपर्यंत हाताला लागत नाही. म्हणून रात्रभर जे लागणार ते दुसऱ्या छोट्या बॅगेत, पायाशी ठेवायचं. लोक चार्जर, औषधं, जाकीट सगळं मोठ्या बॅगेत टाकतात आणि मग रात्री दोनला कुडकुडत बसतात.

छोट्या बॅगेत काय: मानेची उशी, डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, पाण्याची बाटली, मास्क (बसमधली हवा फार कोरडी असते, मास्क घातला की घसा धरत नाही), पातळ शाल किंवा जाकीट, मोजे, सपाता, ब्रश-पेस्ट, पावर बँक आणि केबल. बऱ्याच बसमधला यूएसबी पॉईंट जुना चौकोनी असतो, नव्या टाइप-सी टू टाइप-सी केबलचा तिथे उपयोग नाही. बस लागत असेल तर ड्रगस्टोअरमध्ये 'योईदोमे' मागा, ती उलटी न होण्याची गोळी, बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची.

झाईर्यू कार्ड (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र) खिशात हवंच, ते कायम जवळ बाळगणं आपल्याला कायद्याने बंधनकारक आहे. पाहुणे टुरिस्ट व्हिसावर असतील तर त्यांचा पासपोर्ट.

खाण्याचं. घरून निघताना पोटभर पण हलकं जेवा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर घ्या, शनिवारी सकाळी त्या सोन्यासारख्या वाटतात, विशेषतः जे शाकाहारी आहेत त्यांना, कारण पहाटे उघडी असते ती कोंबिनी आणि तिथल्या ओनिगिरीत (भाताच्या मुटक्यात) बहुतेक मासे. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबूचा (समुद्री शेवाळाचा) ओनिगिरी त्यातल्या त्यात बरा, पण त्यातही माशांचा अर्क असू शकतो, काटेकोर असाल तर घटक वाचून घ्या. लसणाची चटणी आणि लोणचं मात्र बसमध्ये उघडू नका. बंद काचांच्या बसमध्ये तो वास सात तास राहतो. चिवडासुद्धा नको, अंधारात सगळं चिडीचूप असताना कुरकुर आवाज फार मोठा होतो.

५. बसमध्ये चढताना

सुटण्याच्या अर्धा तास आधी पोचा. बस थांबत नाही, अगदी एक मिनिटसुद्धा नाही. शुक्रवारी रात्री टर्मिनलवरच्या टॉयलेटला, खास करून बायकांच्या, मोठी रांग असते आणि तिथल्या दुकानालाही, म्हणून पाणीबिणी स्टेशनात शिरायच्या आधीच घ्या. दात तिथेच घासून टाका, लेन्स काढा.

बोर्डवर कंपनीचं नाव आणि वेळ जुळली म्हणजे झालं असं नाही. गर्दीच्या दिवशी एकाच वेळेला एकाच नावाच्या दोन-तीन गाड्या सुटतात, त्यांना १ गोउशा, २ गोउशा असे नंबर असतात. तुमच्या तिकिटावरचा गोउशा बघा.

ड्रायव्हर दारातच क्यूआर किंवा नाव बघतो, मोठी बॅग डिकीत देऊन घ्या, कुठे उतरणार ते सांगा. क्योटो म्हणजे क्योटोच सांगा, कारण तीच बस पुढे ओसाकाला जाते आणि बॅगा उतरायच्या क्रमाने लावतात.

६. रात्र

सीटबेल्ट लावा. पाठ मागे घेण्याआधी मागच्या माणसाला विचारा, 'सुमिमासेन, इसु ओ ताओशिते मो ई देस का?' लाईट जायच्या आत हे करून टाका, नंतर मागचा झोपला की विचारणार कोणाला.

पहिला थांबा झाला की साधारण लाईट बंद होतात आणि पडदे लावतात. त्यानंतर मोबाईलची स्क्रीन नको. खरंच नको, एका स्क्रीनच्या उजेडाने चार माणसं जागी होतात. पडदा किलकिला करून बाहेर बघायचा मोहही आवरा, समोरच्या गाडीचे दिवे थेट आत येतात.

दर दोन-तीन तासांनी सर्व्हिस एरियात बस थांबते, आशिगारा, हामानाको, कोनान अशी नावं दिसतील, पंधरा-वीस मिनिटं. सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची.

⚠ उतरण्याआधी दाराजवळच्या पाटीवर निघायची वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो काढा. उतरल्यावर बसच्या नंबरप्लेटचा आणि समोरून बसचा फोटो काढा. मोबाईल सीटवर ठेवून उतरू नका.

एकदा रात्री दोनच्या सुमाराला मी टॉयलेटला जाऊन, मशीनमधून गरम चहाची बाटली घेऊन बाहेर आले तर समोर एकाच गुलाबी रंगाच्या सहा बस ओळीने उभ्या. सगळ्यांची इंजिनं सुरू, सगळ्यांचे पडदे बंद. फोटो काढला नव्हता. थंडीत दोन बसच्या दारांशी जाऊन विचारलं, तिसऱ्या दारात आमच्या ड्रायव्हरचे पांढरे हातमोजे आणि हातातली प्रवाशांची यादी ओळखली आणि चढले, तेव्हा निघायला तीन मिनिटं उरली होती. ड्रायव्हर माणसं मोजतात हे खरं, पण त्याच्यावर विसंबून राहू नका.

झोप लागली असली तरी एका थांब्याला तरी उतरा, पाय मोकळे करा. नाहीतर सकाळी पाय सुजून बुटात जात नाहीत.

७. पहाटे साडेपाच ते नऊ

बहुतेकांचं इथे सगळं बिघडतं. बस साडेपाच-सहाला क्योटो स्टेशनला सोडते, हॉटेलचं चेक-इन दुपारी तीनला, किंकाकुजी देऊळ नऊला उघडतं, निजो किल्ला पावणेनऊला. लोक स्टेशनवर कॉफी पीत तीन तास पेंगतात आणि मग सगळ्या गर्दीबरोबर निघतात. असं करू नका, क्रम असा ठेवा.

आधी बॅग. हॉटेल स्टेशनजवळ असेल आणि रिसेप्शन उघडं असेल तर तिथे ठेवा, बहुतेक हॉटेल चेक-इनच्या आधी बॅग ठेवून घेतात. नाहीतर स्टेशनचे कॉईन लॉकर, सहाला रिकामे असतात, सकाळ सरता सरता मोठे लॉकर भरून जातात. लॉकर कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा, क्योटो स्टेशन अवाढव्य आहे. आंघोळीच्या आशेने सेंटो (सार्वजनिक स्नानगृह) शोधत फिरू नका, गल्लीतले बहुतेक सेंटो दुपारनंतर उघडतात. तोंड धुवा, शर्ट बदला, निघा.

मग जेआर नारा लाईनने इनारी. दुसरं स्टेशन, पाच मिनिटं. लोकलच पकडा, मियाकोजी रॅपिड इनारीला थांबत नाही आणि सरळ पुढे निघून जाते. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं, तिकीट नाही, आणि सहा-साडेसहाला त्या लाल तोरींमधून (देवळाच्या कमानींमधून) तुम्ही एकटे चालत असता, ओल्या मातीचा वास, कुठेतरी झाडूचा आवाज, बास. दहा वाजता त्याच जागी खांद्याला खांदा लागतो. वरपर्यंत पूर्ण फेरी दोन-तीन तासांची आहे, डोंगर २३३ मीटरचाच आहे पण पायऱ्या खूप. रात्र बसमध्ये गेलेली असताना योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत जा, तिथून खाली शहर दिसतं, तिथेच दशम्या काढा आणि परत या.

खाली आल्यावर जेआरने परत स्टेशनला जायची गरज नाही. देवळापासून दोन-चार मिनिटांवर केइहान लाईनचं फुशिमी-इनारी स्टेशन आहे, तिथून कियोमिझु-गोजोला उतरा आणि पंचवीसेक मिनिटं चढ चालत कियोमिझु-देरा. हे देऊळ सकाळी सहालाच उघडतं, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. आठ-साडेआठपर्यंत पोचलात तरी लाकडी सज्जावर निवांत उभं राहता येतं. उतरताना सान्नेनझाका, निनेनझाका, मग यासाका देऊळ, गियोन, आणि दहाच्या पुढे निशिकी मार्केट, सगळं चालत, उताराने.

⚠ स्टेशनवरून सिटी बसने मोठी बॅग घेऊन कियोमिझुला निघू नका. वीकेंडला त्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, बॅग कुठे ठेवणार.

आणि शनिवारी सकाळी नऊच्या आत कसलंही रिझर्वेशन घेऊ नका. बस उशिरा येऊ शकते, हिवाळ्यात बर्फ असेल तर तासनतास.

८. दुपार

एक-दोनच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात, ते धरूनच चाला. दुपारचं जेवण झालं की कामो नदीच्या काठावर बसा, आडवे व्हा, किंवा चेक-इन होताच दोन तास झोपा. याच वेळेत अराशियामाला जायचा अट्टाहास करून लोक भांडतात, मी स्वतः बघितलंय. अराशियामा रविवारी सकाळी लवकर करा, बांबूचं बन कायम उघडं असतं.

९. परतीचं

दोन्ही बाजूंनी रात्रीची बस आणि सोमवारी ऑफिस, हे मी कोणालाच सांगणार नाही. रविवारी रात्री निघून सोमवारी सहाला टोकियोत, घरी जाऊन आंघोळ आणि नऊला डेस्कवर, वाचायला जमण्यासारखं वाटतं पण आठवडाभर अंग दुखतं. दोन चांगले पर्याय आहेत: शुक्रवारी रात्री जा, शनिवारी रात्रीच्या बसने परत या, रविवार घरी झोपायला. किंवा शनिवारी राहा आणि रविवारी संध्याकाळी शिंकानसेन. शेवटची टोकियोची नोझोमी (सगळ्यात वेगवान शिंकानसेन) क्योटोहून साडेनऊच्या सुमाराला असते, त्यामुळे रविवारचं जेवण आरामात होतं. सणासुदीच्या गर्दीच्या दिवसांत नोझोमीत सगळ्या सीट रिझर्व्हडच असतात, तेव्हा आधी तिकीट काढा.

बसनेच परतणार असाल तर क्योटो स्टेशनच्या दोन बाजू लक्षात ठेवा. क्योटो टॉवर दिसतो ती उत्तरेची कारासुमा बाजू, जेआरच्या बस तिथे. दक्षिणेची हाचिजो बाजू, बऱ्याच खासगी बस तिकडे, आणि त्याही रस्त्याच्या वेगवेगळ्या टोकांना. तिकिटावर हाचिजो असेल आणि तुम्ही टॉवरसमोर उभे असाल तर स्टेशन ओलांडून, लॉकरमधली बॅग काढून, नेमका स्टॉप शोधायला वीस मिनिटं सहज जातात. म्हणून शनिवारी पहाटे उतरल्यावर, डोळे उघडत नसले तरी, परतीचा स्टॉप एकदा जाऊन बघून या आणि बॅग त्याच बाजूच्या लॉकरमध्ये ठेवा.